बुधवारचं अनवाणी मंडळ

४ फेब्रुवारी, बुधवार

आज माझ्या डाव्या पायावर अन्याय झाला. इतिहासाने याची नोंद घ्यावी अशी माझी फार इच्छा आहे. पण इतिहास मोठ्या माणसांच्याच पायांत घुटमळतो, म्हणून ती नोंद मीच घेते आहे.

आमच्या इमारतीच्या दारात एक डबकं आहे. या देशात रस्ता ओलांडायला बटण आहे, कचऱ्याला चार रंगांचे डबे आहेत, कुत्र्यांना बागडायला वेगळं मैदान आहे आणि त्या मैदानात कुत्र्यांसाठी सूचनाही लावल्या आहेत. डबक्याला मात्र वाली नाही. इमारतवाले म्हणतात, ते फुटपाथवर आहे, म्हणजे पालिकेचं. पालिका म्हणते, ते पायरीला लागून आहे, म्हणजे इमारतीचं. आम्ही इथे आलो त्याच्या आधीपासून ते दोघांच्या मध्ये नागरिकत्वाची वाट बघत पडलं आहे आणि येणाजाणाऱ्याच्या बुटात शिरून आपलं गाऱ्हाणं मांडतं आहे. आज माझ्या बुटात शिरलं. डावा मोजा पार बुडाला. उजव्याने शेजारधर्म म्हणून शिंतोडे घेतले.

आणि नेमकं आजच! आज आमच्या गटाची पहिली सभा. ‘स्थलांतरित मातांचा सर्वसमावेशक गट.’ नाव मी ठेवलं. नवरोबा म्हणाले, “हे नाव घेऊन होईपर्यंत मुलं कॉलेजात जातील.” त्यांना समाजकार्यातलं काय कळणार! परक्या देशात नवऱ्यामागोमाग येऊन पडलेल्या, भाषा धड न येणाऱ्या, दिवसभर भिंतींशी बोलणाऱ्या बायका असतात. त्यांच्यासाठी कोणीतरी काहीतरी करायला नको? मला स्वतःला गरज नाही. मी तिकडे पंधरा वर्षं एका पाक्षिकात तिखट सदर लिहिलेली बाई आहे. मी भिंतीशी बोललेच तर भिंत निरुत्तर होते.

समाजकेंद्रातली खोली क्रमांक दोन मिळाली. कशी मिळाली ते मला नीटसं माहीत नाही, लेकीने परस्पर जमवलं. अकरा वर्षांची आहे, पण इथली भाषा अशी बोलते की दुकानदार मला सोडून तिलाच ‘अजून काय देऊ?’ विचारतात. केंद्राच्या चावीवाल्या काकांना तिनेच गाठलं, दारोदार हिंडून बायकाही तिनेच गोळा केल्या. मी नाव ठेवलं.

खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, एक किटली, आणि खिडकीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत हीटर. मी गेल्या गेल्या ओले मोजे त्यावर वाळत टाकले आणि अनवाणीच स्वागताला उभी राहिले.

चौघी आल्या, चार देशांतल्या. कोपऱ्यावर कपडे उसवून-शिवून देणारी शिंपीणबाई. ती बोलताना तोंडात टाचण्या धरते, त्यामुळे तिच्याशी वाद घालायचा धीर होत नाही. वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी नर्सबाई. तीन वर्षांच्या जुळ्यांची आई, जिचे केस कायम दोन दिशांना ओढलेले असतात. आणि एक अगदी कोवळी पोर, तान्हं बाळ घेऊन आलेली. ती दाराशी बसली आणि एक अक्षर बोलली नाही. तिचं मी मनात ‘बाबागाडी’ असं नाव ठेवलं.

आम्ही सगळ्या इथली भाषा मोडूनतोडून बोलतो. इथे मी प्रत्येकीची वाक्यं दुरुस्त करून लिहिते आहे. माझी जरा जास्त.

सभा बरी झाली. जुळ्यांपैकी एकाने लाल खुर्चीवर पेलाभर दूध सांडलं. कोणत्याने, ते त्यांच्या आईलाही सांगता आलं नाही. खुर्ची ओली म्हणून तिथे कोणी बसलं नाही. निघताना बाबागाडीची गाडी उंबऱ्यावर अडली, म्हणून तिने ती मागे मागे चालत ओढून बाहेर काढली. बस, एवढंच.

एक गंमत. जाताना प्रत्येकीने माझा हात दाबून विचारलं, “आता बरं वाटतंय ना?” मला काय धाड भरली आहे? त्यांच्याकडे बहुधा निरोप घ्यायची अशीच पद्धत असावी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

“काय सांगितलंस गं तू त्या बायकांना?” मी लेकीला विचारलं.

“काही नाही. माझी आई आहे म्हटलं.”

“एवढंच?”

“आणि ती खूप हसवते म्हटलं. कोणी ऐकायला असलं की.”

कार्टीला जाहिरात कळते. हे वडिलांकडून आलेलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज डोळे उघडणारा अनुभव आला.

शिंपीणबाई आल्या, बूट काढले, मोजे काढले, आणि दोन्ही मोजे नीट जोडीने हीटरवर मांडले. त्यांच्यामागून नर्सबाईंनी तेच केलं. जुळ्यांच्या आईने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग स्वतःचे काढले, मग जुळ्यांचे. इवले इवले चार मोजे! बाबागाडीनेही मुकाट्याने काढले. कोणाचेच ओले नव्हते, बाहेर लख्ख ऊन होतं.

मी चाणाक्ष बाई, माझ्या लगेच ध्यानात आलं. ही यांची रीत आहे! कुठल्याशा देशात चार बायका जमल्या की असं करत असणार. मागच्या बुधवारी मी योगायोगाने मोजे हीटरवर टाकले तेव्हा ह्यांना काय वाटलं असेल, की परकी बाई, पण आपली रीत जाणते! मला अगदी भरून आलं. मी तत्काळ माझे कोरडे मोजे काढून रांगेत मांडले. शिंपीणबाईंनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी त्यांच्याकडे त्याहून आदराने पाहिलं.

सर्वसमावेशक म्हणजे दुसरं काय असतं?

१८ फेब्रुवारी, बुधवार

लाल खुर्चीचं कोडं उलगडलं.

गेल्या वेळीही त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. आज चहा ओतल्यावर शिंपीणबाईंनी एक भरलेला कप त्या खुर्चीपुढे ठेवला आणि आपण दुसरीकडे बसल्या. कप शेवटपर्यंत तसाच राहिला. नर्सबाईंनी मान किंचित खाली घातली. मीही घातली. कोणाची तरी आठवण आहे, एवढं कळायला भाषा कशाला लागते?

एका जुळ्याने खुर्चीवर चढायचा प्रयत्न केला, तर त्याची आई कुजबुजली, “तिथे नाही हं बाळा, तिथे आजी बसतात.” कोणाच्या आजी, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परक्याच्या दुःखात नाक खुपसणं मला जमत नाही. लेख लिहायचा असता तर गोष्ट वेगळी.

निघताना बाबागाडी नेहमीसारखी तोंड आमच्याकडे ठेवून मागे मागे बाहेर गेली. तिच्याकडे वडीलधाऱ्यांना पाठ दाखवत नसणार! केवढे हे संस्कार! तिला एकटीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून शिंपीणबाईही मागे मागे निघाल्या. मग मी. मग नर्सबाई; त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. माझे बूट अजून हातातच होते, आणि अनवाणी पायावर नर्सचा बूट म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. पण मी हूं की चूं केलं नाही. परंपरेसाठी माणसांनी याहून जास्त सोसलं आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बातमी वाईट आहे. चावीवाले काका जिन्यात भेटले.

“ताई, खोली तुम्हाला तात्पुरती दिली होती, माहीत आहे ना? पोपटवाल्यांनी बुधवार मागितलाय.”

“कोण पोपटवाले?”

“पोपट पाळणाऱ्यांचं मंडळ. फार जुनं आहे. पोपटांच्या आधी ते मैना पाळायचे.”

आता पालिकेच्या बाई पाहणीला येणार. नियम असा, की खोली सांस्कृतिक परंपरा जपणाऱ्यांनाच मिळते. नुसत्या गप्पा मारायच्या तर खाली बाकडं आहे.

मी घरी येऊन म्हटलं, “जाऊ दे. घ्या म्हणावं पोपटांना. मला काय, मी दुसऱ्यांसाठी करत होते.”

लेक गृहपाठ करत होती. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढून पुसला. या घरात चष्मा पुसला जातो म्हणजे प्रकरण गंभीर असतं. का, ते मला कळलं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

जाऊ दे म्हणणं मागे घेते आहे.

दुपारी बटाटे आणायला गेले होते. रस्त्याच्या पलीकडून बाबागाडी चाललेली दिसली. वरून भुरभुर पाऊस, आत बाळ टाहो फोडतंय. मी बटाटे घेऊन बाहेर आले तर ती पुन्हा त्याच कोपऱ्यावर. इमारतींना चकरा मारत होती.

“अगं, घरी जा ना!” मी म्हटलं. “भिजतंय लेकरू.”

“घर एकच खोली,” ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “नवरा रात्रपाळी करतो, आता झोपलाय. बाळ रडलं की शेजारचे भिंत ठोकतात. मग हा उठतो. मग हाही रडतो.”

“नवरा?”

“हो. थकलाय.”

मी तिच्या गाडीवर माझी छत्री धरली आणि आम्ही दोघींनी मिळून दोन चकरा मारल्या. जाताना ती म्हणाली, “बुधवारी मी बसते. आठवड्यात तेवढंच बसते. तुमची मुलगी सांगत होती, ते पोपट खरंच येणार?”

पोपट येणार नाहीत. मी जिवंत असेपर्यंत या खोलीत पोपट येणार नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पोपट आला.

पोपटवाले काका दांडी ठोकायला भिंतीचं माप घ्यायला आले होते. साठीपलीकडचे, सडसडीत, खांद्यावर हिरवा पक्षी. मी तोंड उघडणार तोच जुळ्यांची आई कंबरेवर हात ठेवून आडवी आली.

“मोजे.”

“काय?”

“मोजे काढा. तिथे ठेवा. इथली प्रथा आहे.”

काका गांगरले. पण त्यांनी बूट काढले, मोजे काढले, हीटरवर मांडले. पोपटाला मोजे नव्हते, त्याला आम्ही सूट दिली. मग मापाची पट्टी हातातच धरून ते बराच वेळ हीटरजवळ पाय शेकत उभे राहिले.

“गरम आहे,” ते म्हणाले.

“हो ना,” शिंपीणबाई टाचण्यांमधून म्हणाल्या.

माप न घेताच गेले. मागे मागे. मनुष्य वाईट नाही, पण शत्रू तो शत्रूच.

४ मार्च, बुधवार

जय्यत तयारी. पुढच्या बुधवारी पालिकेच्या बाई येणार. सभेत मी जाहीर केलं, “आपल्या परंपरा आपण त्यांना मान ताठ ठेवून दाखवायच्या.” सगळ्यांनी माना हलवल्या. शिंपीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काळजी करू नका, तुमच्यासाठी एवढं करूच.” मी म्हटलं, “माझ्यासाठी कशाला, तुमच्याचसाठी.” दोघींचेही डोळे पाणावले.

घरी नवरोबांपुढे स्वागताच्या भाषणाची तालीम केली.

“प्राचीन काळापासून चालत आलेल्या आमच्या या प्रथा...”

“कोणाच्या?” नवरोबा.

“त्यांच्या.”

“त्यांच्या म्हणजे कोणाच्या? मोज्यांची प्रथा कोणाची?”

“शिंपीणबाईंची असावी. किंवा नर्सबाईंची.”

“तू विचारलं नाहीस?”

“अहो, असं विचारायचं नसतं! तुमची ही रीत का आहे हो, असं तोंडावर विचारणं म्हणजे त्यांना परकं करणं. आपल्याला कोणी खोदून खोदून विचारलं की कसं वाटतं?”

“मला बरं वाटतं,” नवरोबा म्हणाले. “ऑफिसात कोणी विचारतच नाही.”

यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

११ मार्च, बुधवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

पालिकेच्या बाई वेळेवर आल्या. करडा कोट, करडी फाइल, चेहराही त्याच ठाणातून बेतलेला. जुळ्यांच्या आईने दारातच गाठलं: “मोजे.” बाईंनी आमच्या पायांकडे पाहिलं, हीटरवरच्या रांगेकडे पाहिलं, आणि निमूटपणे वाकल्या. वरून एवढा करडा कोट, आणि मोज्यांवर पिवळी बदकं! बदकं हीटरवर जाऊन बसली. आम्ही कोणीच हसलो नाही. केवढा तो संयम.

चहा झाला. लाल खुर्चीपुढे कप ठेवला गेला, माना खाली गेल्या. पालिकेच्या बाईंनीही मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “फारच हृद्य आहे. नोंदीसाठी विचारते, ही मोज्यांची परंपरा मूळची कोणाची?”

हाच तो क्षण! मी दोन्ही हातांनी शिंपीणबाईंकडे निर्देश केला.

शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. मी त्यांना टाचण्यांशिवाय पहिल्यांदाच पाहत होते. “माझी? नाही हो. नर्सबाईंची ना?”

“माझी नाही,” नर्सबाई म्हणाल्या. “मला तर मोज्यांशिवाय सर्दी होते. मी ह्यांच्यासाठी काढते.” ह्यांच्यासाठी म्हणजे माझ्यासाठी.

“मला वाटलं,” जुळ्यांची आई म्हणाली, “ही या देशाचीच पद्धत आहे. आपण इथे रुळायला पाहिजे म्हणून मी घरीसुद्धा सुरू केली. माझा नवरा रोज कामावरून आला की...” तिचा चेहरा पडला. “त्याला आता काय सांगू?”

पालिकेच्या बाईंचं पेन हवेतच राहिलं. “बरं. आणि ही खुर्ची?”

“ती दिवंगतांची,” नर्सबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

“कोण दिवंगत?”

“शिंपीणबाईंचे यजमान.”

“माझा नवरा?” शिंपीणबाई उसळल्या. “तो दुकानात बसलाय! बटणं लावतोय!”

“मग तिथे तुम्ही चहा का ठेवता?”

“पहिल्यांदा हात भरलेले होते म्हणून ठेवला. तुम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्यात. मग मी कप उचलणार कशी?”

एव्हाना सगळ्यांच्या नजरा बाबागाडीकडे वळल्या होत्या. निदान ती तरी! निदान मागे मागे चालणं तरी!

“चाक अडकतं,” ती म्हणाली.

तेवढ्यात मला माझा डावा पाय आठवला. डबकं आठवलं. सगळं आठवलं. तरी माझ्या जिभेवर तीन हजार वर्षं तयार होती. एक वाक्य, की हो, ही आमच्या घराण्याची रीत आहे, आणि खोली आमची. मी तोंड उघडलं. समोर चार जोडी अनवाणी पाय, शिवाय जुळ्यांचे, शिवाय पालिकेचे.

“माझे मोजे ओले होते,” मी म्हटलं. “पहिल्या दिवशी. आमच्या दारात डबकं आहे.”

हीटर तेवढा गुळगुळला. आणि मग दाराशी कोणीतरी हसायला लागलं. बाबागाडी! पोर पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी, हुंदका की हसू ते कळेना. तिच्यामागून जुळ्यांची आई, मग आम्ही सगळ्या. जुळे आनंदाने किंचाळत लाल खुर्चीवर चढले. बाळ दचकून उठलं आणि त्याने भोकाड पसरलं.

पालिकेच्या बाई हसल्या नाहीत. बाळ थोडं थांबल्यावर म्हणाल्या, “म्हणजे परंपरा काहीच नाही. मग तुम्ही इथे नेमकं करता तरी काय?”

माझं भाषण प्राचीन काळापासून सुरू होत होतं, त्यामुळे ते बाद होतं. उत्तर बाबागाडीने दिलं, बाळाला थोपटत.

“हा रडतो. घरी रडला की भिंत ठोकतात. इथे कोणी ठोकत नाही. नर्सबाई घेतात त्याला, शिंपीणबाई घेतात. ह्या,” तिने माझ्याकडे हनुवटी केली, “ह्या बोलत असतात. मला अर्धं कळत नाही. मी बसते.”

पालिकेच्या बाईंनी फाइल मिटली. बूट चढवले. दारापर्यंत गेल्या, थबकल्या, आमच्याकडे वळल्या, आणि तोंड आमच्याकडे ठेवून मागे मागे बाहेर गेल्या.

बदकं हीटरवरच राहिली.

१२ मार्च, गुरुवार

पंधरा वर्षं मी लोकांच्या ढोंगाची सालं काढली. आणि मी महिनाभर प्लास्टिकच्या खुर्चीपुढे मान खाली घालून बसत होते! एकदा कोणी नाही असं बघून तिला नमस्कारही केला आहे. हे नवरोबांना कळता कामा नये.

खोली गेली. पोरीला पुन्हा पावसात चकरा. माझ्या एका वाक्यामुळे.

१८ मार्च, बुधवार

सभेला गेले नाही. ताप आहे असं कळवलं. आज केंद्रातले कप धुवायची पाळी माझी होती. फळ्यावर लिहिलेलं आहे, प्रत्येकीची एक. म्हटलं, खोलीच जाणार तर कप कोणाला हवेत.

संध्याकाळी दारात नर्सबाई. लेक त्यांना घेऊन आली होती. त्यांनी न विचारता माझं मनगट धरलं.

“ताप नाही.”

“आत आहे,” मी म्हटलं.

“आत असतोच,” त्या म्हणाल्या, आणि शेजारी बसल्या. “पुढच्या बुधवारी यायचं. तुम्ही नव्हता तर कोणीच बोललं नाही. जुळेसुद्धा. आम्ही सगळ्या तुमच्यासाठी तर येतो.”

बघा! किती अवलंबून आहेत बिचाऱ्या माझ्यावर.

त्या गेल्यावर लेक म्हणाली, “आई, तुझे कप त्या बाळवाल्या ताईने धुतले. एका हाताने. दुसऱ्या हातात बाळ होतं. आणि फळ्यावर तुझ्या नावापुढे बरोबरची खूण केली, म्हणजे तुला कोणी बोलायला नको.”

मी म्हटलं, “तू झोप आता.” सात वाजले होते.

२५ मार्च, बुधवार

गेले. तोंड लपवत गेले, तर खोलीत आधीच पालिकेच्या बाई. मोजे न्यायला आल्या होत्या. आणि बोलायला थांबायचं म्हणून पायातले दुसरे काढून हीटरवर ठेवले होते! या जोडीवर गोगलगायी.

“मी नियम पुन्हा वाचले,” त्या म्हणाल्या. “परंपरा असली पाहिजे असं लिहिलंय. जुनी असली पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. मी नोंद केली आहे, की परंपरा आहे, सुरू होऊन सहा आठवडे झाले, आणि पाहणीच्या वेळी ती पाळली जात होती. मी स्वतः पाळली.”

जुळ्यांच्या आईने मोठ्याने विचारलं, “म्हणजे घरी नवऱ्याला काही सांगायला नको?”

“नको.”

तिने तिथल्या तिथे बाईंना मिठी मारली. करड्या कोटातून एक लहानसा आवाज आला.

पण एक अट. बुधवार पोपटवाल्यांनाही हवाच आहे, तेव्हा खोलीच्या मध्ये पडदा लागेल, अर्धी त्यांची. कोणती अर्धी? पोपटवाले काका दाराजवळची अर्धी घ्यायला तयार आहेत, वारा येतो तरी. त्यांनी एवढंच कळवलं आहे, की हीटरजवळ मोजे ठेवायला त्यांना जागा राखून ठेवावी.

बाबागाडीने बाळाला नर्सबाईंच्या हातात दिलं आणि खुर्चीत अशी टेकली, की खुर्ची पहिल्यांदाच तिची झाली.

१ एप्रिल, बुधवार

पडद्यापलीकडे चार काका आणि पाच पोपट. पोपट शिकतात फार लवकर. एकाने तासाभरात बाळाचं रडणं उचललं. बाळ चकित होऊन गप्प झालं आणि ऐकत बसलं. तो रडला की हे थांबतं. नर्सबाई म्हणतात, असं औषध त्यांनी आजवर पाहिलं नाही. जुळे एका पोपटाला मोजे घालायला गेले आणि दोघांनाही चोच बसली. त्यांच्या आईला प्रथमच दोघांतला फरक कळला, कारण एकाला डाव्या हाताला लागलं आहे.

आणि पडद्यापलीकडून अचानक आवाज आला: “अगं बाई! अगं बाई!”

चक्क मराठी! मी उठून पडदा सारला. घरची दोघं सोडून इतक्या दिवसांत माझ्याशी कोणी मराठी बोललं नव्हतं. हिरवा पक्षी मान तिरकी करून माझ्याकडे बघत होता.

“तुम्ही दर दोन मिनिटांनी म्हणता ते,” काका दिलगिरीने म्हणाले. “शिवी आहे का? सोडवू का त्याची सवय?”

“नको, नको,” मी म्हटलं. “असू दे.” आवाज जरा घोगरा आला. पोपटांमुळे हवेत पिसं उडतात, घशात जातात.

साडेपाचला सगळ्या निघाल्या. शिंपीणबाई मागे मागे, नर्सबाई मागे मागे. आता दारात काकांशी टक्कर होते, तेवढा भाग सुधारायला हवा. मी छत्री शोधत मागे राहिले. खुर्चीत बाबागाडी झोपली होती. मान एका बाजूला, तोंड अर्धं उघडं, गाडीच्या दांड्यावर एक हात. बाळ जागं होतं आणि स्वतःच्या मुठीशी भांडत होतं.

सिंकमध्ये सगळे कप पडले होते, आणि काकांचेही. फळ्यावर पाहिलं, आज तिची पाळी.

मी बाळाला डाव्या खांद्यावर घेतलं. ते दिसतं त्याहून जड आहे. एका हाताने कप धुणं म्हणजे काय, ते आज कळलं: कप निसटतो, साबण डोळ्यात जातो, बाळ कानातली बाली ओढतं, आणि ओरडायची सोय नाही. काकांच्या कपांत दाणे निघाले. पाणी बारीक सोडलं होतं, आवाज होऊ नये म्हणून, त्यामुळे बराच वेळ लागला. चावीवाले काका दारात येऊन उभे राहिले, घड्याळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि किल्ल्या मुठीत घट्ट धरून परत गेले.

शेवटचा कप पालथा घातला. हात पदराऐवजी स्वेटरला पुसला, खडू उचलला, आणि तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.